रविवारचा कोबी

रुसे, ११ डिसेंबर

नेदा,

फोन तू उचलत नाहीस. पत्र न वाचता फेकता येतं हे मला कळतं, पण ह्या पाकिटात तुझं ते नखाएवढं मेमरी कार्ड आहे, तेव्हा उघडशीलच. कार्ड चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून जुन्या मोज्याच्या तुकड्यात शिवून टाकलंय. शिवलंय म्हणजे हाताने. शिवणयंत्राचं काय झालं ते तुला माहीतच आहे.

कार्डावर रविवारचा कोबी आहे. तुमच्या माशांच्या टाकीतल्या त्या पापुद्र्यांच्या पोवळ्याला मी कोबीच म्हणणार. सांगितलंस तसं सगळं केलं. खिडकीला घोंगडी लावली. टाकीचे पंप बंद करून, पाणी संथ होईपर्यंत आणि तुझी ती पोवळी डुलायची थांबेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. निळा दिवा लावला. तिपाईचे पाय तू फरशीवर नेलपॉलिशचे ठिपके काढलेत तिथेच ठेवले. तुझ्या आजोबाने वरच्या मजल्यावरच्या फिलकाच्या नातवाचा बर्फातला चष्मा कापून केलेली ती नारिंगी काच पुढे लावली. मग शिवणयंत्राचं चाक केसभर फिरवायचं, कॅमेरा केसभर पुढे जातो, परत केसभर. माझ्या लग्नातलं यंत्र. त्यावर मी तुझ्या आईचे फ्रॉक शिवले. आणि तुझ्या आजोबाने, माझ्या स्तामेनने, एका दुपारी त्याचा खून केला, का, तर पाण्यातल्या पाल्याचा फोटो हलू नये म्हणून! डोक्यावरून काळं फडकंही घेतलं. घेतलं नाही तर काचेत आपलंच थोबाड उमटतं, हे तुम्ही दोघांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या स्वप्नात येतं.

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी का असेना. वसंतात तुझे ते पोर्तुगीज एक अख्खी भिंत तुझ्या फोटोंनी भरणार, एकाच कोबीचे सगळे रविवार, एकही न गाळता, आणि ती भिंत बघून तुला त्या माशांच्या समुद्रघरात कायमचं कामावर ठेवायचं की नाही ते ठरवणार. समजलं. रविवार चुकणार नाही.

घरात आता दोन कोबी आहेत. एक बाल्कनीत पिंपात मिठाच्या पाण्यात मुरतोय, एक तुझ्या खोलीत मिठाच्या पाण्यात वाढतोय. पहिला निदान खाता येतो.

तुझ्या आईचा सोफियाहून फोन येतो, सणावारी. तिला टाकीचं काही विचारू नकोस, तिला मासे म्हणजे तळलेलेच माहीत.

स्तामेन गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला जे बोलले ते बोलले. परत लिहून काढायची गरज नाही.

आजी


रुसे, ८ जानेवारी

नेदा,

योर्दानोव्हदेन झाला, पाणी मंतरायचा सण. माझ्या नावाचा दिवस म्हणून फिलका वरच्या मजल्यावरून बानित्सा घेऊन आली. निम्मी तिनेच खाल्ली, आणि वर मला म्हणाली, "तुझ्या हातची असती तर पापुद्रे सुटले असते गं." पाद्री एवलोगी येऊन घरभर पाणी शिंपडून गेले. ह्या वर्षी त्यांचं पोट दारातून आधी आत येतं आणि ते मागून.

थंडी फार आहे. डॅन्यूबच्या कडेला बर्फ धरलंय. तुझी ती टाकीचं पाणी बदलायची पिवळी बादली बाल्कनीत राहिली आणि रात्रीत तडकली. पाणी बदलायचं काही राहिलं नाही, काळजी करू नकोस. घरात बादल्या काय कमी आहेत?

एक विचारायचं होतं. फिलका विचारते, तिला कुठे काय कळतं. गोगलगायी थंडीत झोपतात का? म्हणजे काचेवरून सुटून खाली, उताण्या? आणि ती लाल-पांढरी कोळंबी कात टाकते तेव्हा आधी आडवी पडते का, आणि पडली तर किती वेळाने उठते?

रविवारचा फोटो ह्या वेळी नाही. बॅटरी संपली. पुढच्या वेळी दोन पाठवते.

मासे छान आहेत.

आजी


रुसे, १९ जानेवारी

नेदा,

कार्ड घे. कोबी बघ, कसा बहरलाय! हिरवाकंच, कडेला ती जांभळी किनार, तुला आवडते तशी. डाव्या बाजूचा पापुद्रा तर आता दगडाबाहेर आलाय. असा फोटो मला आधी कधी जमला नव्हता. हात बसला म्हणायचा.

बाकी बरं आहे. तुझ्या खोलीतलं कपाट आवरलं. तुझ्या आजोबाच्या खोक्यात काय काय निघालं, स्क्रू, खिळे, नळाचे तुकडे, जुनी कार्डं. माणूस गेला तरी अडगळ काही त्याच्याबरोबर जात नाही.

परवा दातांच्या झेलेव डॉक्टरकडे गेले होते. फिलकाचा दात दुखत होता म्हणून सोबत. मला काय करायचाय डॉक्टर, माझे दात रात्री ग्लासात असतात. तू त्याला शाळेत असताना कोबीचा तुकडा दिला होतास ना, तो त्याच्या बाहेरच्या खोलीतल्या टाकीत ताटाएवढा झालाय. लोक गाल धरून बसतात आणि त्याच्याकडे बघतात. डॉक्टर तुझी चौकशी करत होता.

फिलकाचा दात काढला नाही.

तू चिठ्ठीत विचारलंस, बादली कुठली वापरलीस. बादली. बादलीसारखी बादली. तुझ्या आजोबालाही असल्या चौकश्या करायची खोड होती.

आजी


रुसे, २ फेब्रुवारी

नेदा,

तू फोन केलास. मी इतकी दचकले की हातातला चमचा घेवड्याच्या भांड्यात गेला. फिलका समोर बसली होती, तिला मी खुणेनं सांगितलं, नातीचा आहे, ऊठ. ती उठली नाही. उलट खुर्ची जवळ ओढली.

तू म्हणालीस, "आजी, कार्ड उघडलं."

मी म्हटलं, "मग? कसा वाटला?"

तू बराच वेळ बोललीच नाहीस. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालीस, "बघतच बसले." आणि आवाज असा होता की लहानपणी ताप आला की यायचा.

मग तू मला माझ्या गुडघ्याचं विचारलंस. तिथे मीठ कमी घातलेलं खातात म्हणून तक्रार केलीस. माझ्या लुतेनित्सा चटणीची आठवण येते म्हणालीस. हसलीससुद्धा, पाद्र्याच्या पोटाचं सांगितलं तेव्हा. शरदापासून तुझा आवाज ऐकला नव्हता. फिलका डोळे पुसत होती, तिला कशाचंही रडू येतं, हवामानाच्या बातम्यांचंही.

शेवटी तू विचारलंस, "आजी, तुला मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "घेवडा उतू चाललाय," आणि फोन ठेवला.

घेवडा उतू जात नव्हता.

त्या संध्याकाळी मी दोन वाट्या जेवले. दुसऱ्या दिवशीपासून घास गिळवेना. का ते विचारू नकोस. एक मात्र ऐक. मी पाठवलेला तो जानेवारीचा फोटो भिंतीवर लावू नकोस. दुसरे लाव. त्याची चौकट वाकडी आहे.

आजी


रुसे, १३ फेब्रुवारी

नेदा,

चौकट वाकडी नव्हती. चौकट चांगली सरळ होती, कारण तो फोटो मी काढलेलाच नव्हता.

हे पत्र मी फिलकाच्या टेबलावर लिहिते आहे, कारण तुझ्या खोलीशेजारी बसून लिहवत नाही. फिलका समोर बसून लोकर गुंडाळतेय. तिला सगळं माहीत आहे. "तू लिही, मी बघत नाही," म्हणते, आणि बघते.

ऐक, झालं असं.

योर्दानोव्हदेनच्या आदल्या दिवशी तुझी बादली तडकली हे खरं. पाणी बदलायचा दिवस होता, मी तुझ्या त्या पोत्यातलं मीठ मोजून पाण्यात कालवून ठेवलं होतं, ते सगळं बाल्कनीच्या फरशीवर गेलं आणि गोठलं. आता दुसरं भांडं हवं. मनात आलं, उद्या पाद्री येणारच आहेत, तर ह्या वेळी टाकीचं पाणीच मंतरून घ्यावं. हसू नकोस. स्तामेन गेला, आता त्या टाकीचंही काही बिघडलं तर तू परत कशाला येशील? मला वाटलं, टाकीवर एक हात वरूनही असलेला बरा.

तर मी हिरवा प्लास्टिकचा टब पुढे केला. एवलोगींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यात त्यांनाच अंघोळ घालणार आहे.

"योर्दांकाबाई, ह्यात मी क्रूस बुडवू? ह्यात तुम्ही मोजे धुता."

"मोजे नाही, पडदे धुते."

"पडदे का असेनात. तुमच्या घरात तांब्याची बादली नाही? कुठल्या घरात नसते?"

होती. माझ्या सासूची, तिच्या सासूची, कडीवर फुलं कोरलेली. लग्नात नवरीने पायाने पाणी सांडायचं, ती बादली. वर्षानुवर्षं माळ्यावर पालथी पडलेली. कल्हई केव्हाच उडालेली, आत लाल दिसत होती. मी पुसली, मिठाचं पाणी तिच्यात कालवलं, पाद्रींनी क्रूस बुडवला, तुळशीची जुडी बुडवली, गायले, बानित्सा खाल्ली, गेले. पाणी रात्रभर त्या बादलीत राहिलं. मुद्दामच ठेवलं. म्हटलं, जरा मुरू दे.

सकाळी बादलीच्या कडेला हिरवी रेघ होती. मी ती पाहिली. नेदा, मी ती पाहिली आणि पाणी ओतलं.

आता तूच बघ. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट-खारट ठेवलं की कळकतं, हे मला अक्षरं गिरवायच्या आधीपासून ठाऊक आहे. पिंपातल्या कोबीचं पाणी मी त्या बादलीत घटकाभरही ठेवलं नसतं. एकदा माझ्या धाकट्या नणंदेने ठेवलं होतं तर मी तिला आख्ख्या लग्नघरासमोर मूर्ख म्हटलं होतं. पण खायच्या कोबीचं मला जे कळतं, ते तुझ्या कोबीच्या वेळी सुचलं नाही, कारण तुझ्या टाकीला मी आयुष्यात कधी जिवंत समजलेच नाही. मिठाचं डबकं म्हणायचे मी त्याला. डबक्याला काय होतंय.

दुपारपर्यंत गोगलगायी काचेवरून सुटल्या. संध्याकाळी कोळंबी आडवी झाली, ती उठलीच नाही. ती तुझी बटणासारखी पोवळी मिटली. कोबी मात्र दोन दिवस तसाच होता, मला वाटलं वाचला. तिसऱ्या दिवशी कडेपासून त्याची कातडी सुटायला लागली, जशी उकडलेल्या टोमॅटोची सुटते, आणि आत पांढरं.

पांढरा आहे तो आता. अख्खा.

मग मी झेलेवकडे गेले. फिलकाचा दात दुखत नव्हता. मी त्याला म्हटलं, माझ्या एका ओळखीच्या बाईच्या टाकीत असं असं झालंय. तो हातमोजे काढत म्हणाला, "त्या बाईने तांबं तर नाही ना घातलं? नळी, नाणं, काहीही?"

"तांब्याच्या बादलीत पाणी कालवलं. नवीन नव्हती, चांगली जुनी."

"आजीबाई, तलावातल्या गोगलगायी मारायला आम्ही तांबंच टाकतो."

मी पिशवी उचलली. मग तो हळूच म्हणाला, "त्या ओळखीच्या बाईला सांगा, कोळसा घाला, पाणी थोडं थोडं बदलत राहा. पण दगडांनी तांबं पिऊन घेतलंय. ते लवकर सोडायचे नाहीत. आणि नेदाला कळवा."

कळवा म्हणे! ह्याच्या तोंडाला काय लागतं.

मी घरी आले आणि स्तामेनचं खोकं काढलं. त्यात मागच्या हिवाळ्याची कार्डं होती. मला कॅमेऱ्याच्या मागच्या चौकोनात एवढंसं दिसतं, चष्मा लावूनही. कोबी हिरवा आहे एवढं दिसलं, ते कार्ड शिवलं आणि टाकलं पेटीत. टपालपेटीचं झाकण पडलं तेव्हाच बोटं आत घालून पाहिली, पण पेटीतून परत कुठे काढता येतंय.

मला वाटलं होतं, वेळ मिळेल. मिळवून करणार काय होते ते मला माहीत नव्हतं. आणि मग तू फोन केलास.

तुला माझ्या तोंडून चांगलं ऐकायला मिळालं नाही, ते त्या खोट्या कोबीकडून मिळालं. शरदापासून मी वाट बघत होते त्या आवाजाची. आला, तर चोरीचा माल म्हणून आला. आता हा माल परत कसा करायचा?

म्हणून मी अजून एक मूर्खपणा केला. तोही सांगते, अर्धवट नको. गेल्या आठवड्यात तिपाई, कॅमेरा, शिवणयंत्राचं चाक, सगळं चादरीत बांधून बसने झेलेवकडे घेऊन गेले. त्याच्या टाकीतला कोबी तुझ्याच कोबीचा तुकडा. तोच रंग, तीच किनार. मला वाटलं, ह्याचे फोटो काढत राहिले वसंतापर्यंत, तर कुणाला कळणार आहे? बाहेरच्या खोलीत लोक गाल धरून बसलेले. एकजण विचारतो, "आजी, क्ष-किरण काढताय काय?" मी म्हटलं, "तुझं डोकं आधी काढते, त्यात काही सापडलं तर सांगते." झेलेवने दारातून पाहिलं. त्याला सगळं कळलं असणार. "काढा की," म्हणाला. "कोबी तर तोच आहे." आणि दार लावून घेतलं.

मी काळं फडकं डोक्यावर घेतलं. त्या फडक्याला अजून स्तामेनच्या कारखान्याच्या तेलाचा वास येतो. मी ते कितीदा धुतलंय. आत अंधार, समोर तो हिरवा कोबी, आणि माझ्या कानात स्तामेन, जसा तुला सांगायचा, "नेदे, पोवळं हललं तर हललं म्हणून लिही. फोटो वाईट आला तर वाईट आला म्हणून ठेव. एकदा सुधारायला गेलीस की आधीच्या सगळ्या रविवारांवरचा विश्वास उडाला." मला तेव्हा वाटायचं, पाल्याचे फोटो काढणारी दोन माणसं, किती गमजा करतात! बटणावर बोट होतं. दाबलं नाही. सगळं परत चादरीत बांधलं. तो गाल धरलेला म्हणतो, "आला का रिपोर्ट?" त्याला मी उत्तर दिलं नाही, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ असेल.

तेव्हा आता हे. जानेवारीपासूनचे रविवार तुझ्या भिंतीत नाहीत. जो आहे तो खोटा आहे. तुझ्या पोर्तुगिजांना दाखवलास तर तू खोटी ठरशील, माझ्यामुळे. काढून टाक. माझं नाव सांग. म्हातारी अडाणी होती, तिने विष घातलं, असं सांग. खरंच आहे.

आणि चाळिसाव्याचंही लिहिते, एकदा हात लागलाय तर. "तुझ्या डबक्याला पाणी वाहून वाहून माझा माणूस मेला," असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. तो पाणी वाहून मेला नाही. त्याचं हृदय कारखान्यातच खराब झालं होतं, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तुला नाही. तो त्या डबक्यापाशी बसला की बरा दिसायचा. मला त्याचाच राग होता. माझ्यापाशी बसून तो कधी तसा दिसला नाही.

फिलका विचारते, आशीर्वाद लिहिलेस का. लिहिले नाहीत. आधी तू ठरव, घ्यायचे की नाही ते.

योर्दांका, तुझी आजी


रुसे, १ मार्च

नेदा,

पाकिटातला लाल-पांढरा दोरा मनगटाला बांध, मार्तेनित्सा आहे, वसंत येतो म्हणून बांधायची, तिथल्या पोर्तुगिजांना काय समजायचंय ते समजू दे. करकोचा दिसेपर्यंत काढू नकोस. तिथे करकोचे खांबाखांबावर बसतात म्हणे, म्हणजे तुला फार वेळ लागणार नाही.

तुझं पत्र आलं. फिलकाने वाचून दाखवू का विचारलं. मी म्हटलं, माझे डोळे गेले नाहीत अजून. वाचलं, मग बाल्कनीत जाऊन पिंपातला उरलासुरला कोबी ढवळला. ढवळायची गरज नव्हती. मग परत वाचलं. तू लिहिलंयस:

"आजी, कार्ड उघडलं तेव्हाच कळलं. काचेत आजोबा आहेत. टोपी घातलेले, जीभ दातात धरलेली. फोटो मागच्या जानेवारीचा आहे हे बघायला मला तारखेची गरज पडली नाही. तू काहीतरी लपवतेस हे कळलं म्हणून भांडायला फोन केला. तुझा आवाज ऐकल्यावर भांडता आलं नाही. मला वाटलं, सांगेल. घेवड्याचं नाव काढलंस तेव्हा फोन फेकणार होते. मग ठरवलं, वाट बघायची."

तर असं. मी इकडे झोप घालवून बसले होते, आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत. त्या दिवशी तू बोलेनाशी झालीस ती कोबीसाठी नव्हे. मला कसं कळणार? मला त्या चौकोनात हिरवं एवढंच दिसलं.

झेलेवच्या भाचीने तिच्या यंत्रावर तो फोटो मोठा करून दाखवला. त्याच्याकडे प्रत ठेवली होती स्तामेनने, दोघे एकमेकांना कोबी दाखवायचे, मला पत्ताही नाही. खालच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पलीकडे असल्यासारखा. टोपी. जीभ दातात. सुईत दोरा ओवतानाही त्याची तशीच असायची.

आणि मला तो रविवार आठवला. तू बाहेर गेली होतीस. त्याने फडकं मागितलं. मी म्हटलं, "ते धुवायला टाकलंय, तेलाचा वास मारतोय, ढेकूण होतील त्यात." तो म्हणाला, "योर्दांके, आज रविवार आहे!" मी म्हटलं, "मग चर्चला जा." तासभर भांडलो. शेवटी त्याने फडक्याशिवायच काढला, आणि दिवसभर कुरकुरला, एक रविवार वाया घालवलास म्हणून.

वाया नाही गेला. दुसरा कुठलाही रविवार असता तर काचेत कुणीच नसतं. हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये, नुसतं सांगतेय.

तू लिहितेस की भिंतीवर तो फोटो राहील, पण त्याच्या खऱ्या तारखेला, मागच्या जानेवारीत. आणि ह्या जानेवारीपासूनच्या रविवारांपैकी जे चुकले त्यांच्या जागा रिकाम्या सोडणार, खाली लिहून, की बिनकल्हईच्या भांड्यात पाणी कालवलं. कुणी कालवलं ते लिहिणार नाहीस म्हणतेस. लिही. आणि पुढे विचारतेस, पांढरा झालेल्या कोबीचे फोटो काढशील का, त्याच जागेवरून, तसेच, दर रविवारी. तुझी वरिष्ठ बाई म्हणाली म्हणे, वाढताना सगळेच दाखवतात. ठेवून घेणार की नाही ते अजून सांगितलं नाही तिने. ठीक आहे. माझ्यामुळे नाही म्हणाली तर मला ये म्हणून सांग, मी बोलते तिच्याशी. नको, मी बोलू नये.

काढते. ठिपके तिथेच आहेत, चाक तिथेच आहे. कोळसा घालतेय, पाणी बदलतेय, तिसऱ्या मजल्यावरून उसन्या आणलेल्या प्लास्टिकच्या बादलीने. दोन्ही मासे आहेत, मला बघितलं की काचेपाशी येतात, खायला घालते म्हणून, प्रेमाने नव्हे. ती बटणं परवापासून थोडी थोडी उघडतायत. सगळी नाहीत. कोबी पांढराच आहे, त्यावर आता तपकिरी शेवाळ धरायला लागलंय. त्याला मी खरवडत नाही. तू सांगशील तेव्हा.

तांब्याची बादली मी फेकणार होते. फिलकाने अडवली, म्हणे पणजीची आहे. मग कल्हईवाला शोधला, बाजारामागे अजून एक म्हातारा आहे. आत चांदीसारखी झालीय. पण तुझ्या खोलीच्या उंबऱ्याआत ती जाणार नाही. एवलोगींनाही सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "योर्दांकाबाई, देवाचं तुमच्या माशांशी काही वाकडं नव्हतं." मी म्हटलं, "तुमच्याच बादलीच्या हट्टाने झालं." नंतर वाईट वाटलं. हट्ट त्यांचा, पण हिरवी रेघ मी पाहिली होती.

ईस्टरला येते म्हणतेस. ये. नक्की नाही असं कंसात लिहिलंयस, तेही वाचलं. यायचं नसेल तर नको येऊ, पण शेवटच्या घटकेला कळव, म्हणजे कोकरू फुकट जाणार नाही.

कार्ड पाकिटात आहे, मोज्यात शिवलेलं. ह्या रविवारचा आहे, आजचाच, तारीख बघून घे. पंप बंद केले, घोंगडी लावली, निळा दिवा लावला, चष्म्याची काच लावली. काळं फडकं फक्त घेतलं नाही. ते घडी करून स्टुलावर ठेवलं आणि तशीच बसले. तेव्हा पांढऱ्या कोबीच्या मागे काचेत मी दिसेन. डोक्याला रुमाल, कपाळाला आठ्या, दात घालायला विसरले होते. नको असेल तर कापून टाक.

चौकट मात्र ह्या वेळी सरळ आहे.

आजी